परक्या वाटेवरची पंगत



दिंडीच्या शंभरीनिमित्त वारीतल्या अन्नदानावर दोन शब्द बोला, असा निरोप आला. पण त्यावर माझ्याहून जाणती माणसं समोर बसलीत. ज्यांच्या दारात आपण वर्षानुवर्षं जेवलो, त्या गावांतली मंडळीही आलीत. म्हणून मी जरा लांबच्या वाटेवरनं फिरून येतो. अमेरिकेतल्या.

माझी लेक तिकडं अटलांट्याला असते. मागं एकदा चैत्रात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. तिच्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावरनं एक पायवाट निघते, ती थेट उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत जाते. अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणतात तिला. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. म्हणजे आळंदी ते पंढरपूर चौदा वेळा चालल्यासारखं. पाच-सहा महिने लागतात आणि निघालेल्यातले बरेचजण मधूनच परततात.

तिथं दिंडी नाही, टँकर नाही, आचारी नाही. देवासाठी चालतात असंही नाही. कुणी नोकरी सोडून निघालेला, कुणी दुःख घेऊन, कुणाला नुसती हौस. जो तो आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतो. चार-पाच दिवसांचा शिधा न्यायचा, संपला की जवळच्या गावात उतरायचं. ओझं नको म्हणून खाणं सगळं कोरडं. आणि दिवसभर चढ-उतार. महिनाभरात अशी भूक लागते म्हणे, की कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही.

आणि मग एखाद्या खिंडीत, जिथं पायवाट मोटारीचा रस्ता ओलांडते तिथं, कुणी अनोळखी माणूस टेबल मांडून उभा असतो. गरम जेवण, फळं, थंड सरबत. पैसे घेत नाही. चालणारे याला ‘ट्रेल मॅजिक’ म्हणतात, वाटेवरची जादू. जादू अशासाठी की ती कधी, कुठं भेटेल हे ठाऊक नसतं. देणाऱ्याला देवदूत म्हणतात. आपण माउली म्हणतो तसंच.

ही रीत जुनी आहे. १९५५ साली एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची बाई, अकरा लेकरांची आई, एकटी ही सगळी वाट चालून गेली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, तंबूसुद्धा नाही. अनोळखी दारं वाजवत गेली. कुणी जेवू घालून निजायला जागा दिली, कुणी दारातनंच लावून दिली. तरी पोचली.

तर एका रविवारी आम्ही पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि केळी घेऊन युनिकॉय गॅप नावाच्या खिंडीत गेलो. तिथवर चालणाऱ्यांचे ८५ किलोमीटर झालेले असतात. दुपारपर्यंत थोडेच आले. जावईबापू म्हणाले, केळ्यांचं खोकं ठेवून निघू, येणारे घेतील. तेवढ्यात तिथं वाटेची झाडझूड करणारे एक म्हातारबाबा आले. (ती वाटही बरीचशी गावोगावचे लोक बिनपगारी राखतात, बरं का.) त्यांनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं, ठेवून जाऊ नका. वासानं अस्वल येतं, माणसाच्या अन्नाला चटावतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर परत न्या.

आम्ही अंधार पडेस्तोवर थांबलो. सालं, कागद, सगळं गाडीत भरलं. आपला तळ उठल्यावर मागं पत्रावळ्यांचं काय होतं ते मी सांगायला नको.

शेवटी एक पोरगा आला, विशी-बाविशीचा, बूट फाटलेले. हिनं त्याला पुऱ्या वाढल्या. त्यानं घास उचलला आणि तसाच थांबला. म्हणाला, “माझ्या मागं अजून दोघं येतायत. त्यांना पुरेल ना?”

मंडळी, मला तिथंच पंचवीस वर्षांपूर्वीचं एक गाव आठवलं. नाव घेत नाही. पावसानं आपल्या दिंडीचा ट्रक मागं अडकला होता आणि एका घरानं आयत्या वेळी आपल्याला पिठलं-भाकरी दिली. जरा उशीर झाला. मी तेव्हा भिशीचा हिशेब बघायचो, अंगात रग होती. पंगतीतनं मोठ्यानं बोललो, “वारकऱ्याला असं ताटकळत ठेवतात व्हय?” ती बाई काही बोलली नाही. गरम भाकरी आणून वाढली. हात धुवायला मागच्या दारी गेलो तर चुलीजवळ दुरडी रिकामी आणि तिची दोन पोरं पिठल्याची कढई खरवडून खात होती.

मी हात धुतले आणि पुढं निघालो. माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी त्या घरासमोरनं जाताना मान खाली घातली, त्याच्या पुढच्या वर्षीही. आपला विसावा तिथं असतो, तरी मी पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही.

ती माउली आज मंडपात आलीय, उजव्या अंगाला, खांबाशी बसलीय, असं मघाशी कळलं. माई, भाषण संपलं की मी तिकडं येतो. तेवढं उठून जाऊ नका.

रामकृष्ण हरी.