सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा

सर्व्हरला नवी डिस्क जोडली, सगळं सुरळीत चाललं आणि पुढे कधीतरी रीस्टार्ट केल्यावर तो मध्येच अडकला, की पुष्कळ जण घाबरून सगळी सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती घाई करू नका. अनेकदा माहिती जागच्या जागी शाबूत असते. चुकलेली असते एखादी ओळ.

लिनक्समध्ये ‘ईटीसी’ फोल्डरात ‘एफएसटॅब’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. कोणती डिस्क कुठे जोडायची, हे तिच्यात एकेका ओळीत सहा रकान्यांत लिहिलेलं असतं. डिस्कच्या यूयूआयडीमधलं, म्हणजे तिच्या ओळखक्रमांकातलं, एक अक्षर जरी चुकलं, तरी सिस्टिम सुरू करणारं सिस्टिमडी त्या डिस्कची वाट पाहत राहतं, सहसा ९० सेकंद. मग यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागतं. हे थांबणं हिताचंच आहे. डिस्क नसताना डेटाबेस सुरू झाला असता, तर त्याच्या नोंदी भलत्याच ठिकाणी गेल्या असत्या.

पासवर्ड द्या आणि ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ या कमांडने नोंदी वाचा. ‘बीएलकेआयडी’ ही कमांड डिस्कचा खरा यूयूआयडी दाखवते. मूळ फाइल सिस्टिम रीड-ओन्ली असेल, तर ती आधी रीड-राइट करून घ्या. मग ओळ दुरुस्त करा, किंवा तिच्या आरंभी हॅशचं चिन्ह टाकून ती तूर्त बंद ठेवा. रूटचा पासवर्डच ठेवलेला नसेल, तर रेस्क्यू डिस्क वापरा. क्लाउडवरच्या सर्व्हरची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडूनही ही फाइल सुधारता येते.

पण खरी काळजी आधी घ्यायची असते. फाइलला हात लावण्यापूर्वी तिची प्रत ठेवा. बदल झाल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवून पाहा. ज्या डिस्कवाचून काम अडत नाही, उदाहरणार्थ बॅकअपची डिस्क, तिच्याच ओळीत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे ती सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होईल.

आणि बदल करणारा माणूस हजर असतानाच, सोयीची वेळ ठरवून, सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून बघा. तेव्हा चूक निघाली, तर काय बदललं ते त्याला आठवत असतं. तीच चूक महिन्यांनंतर वीज गेलेल्या रात्री उघडी पडली, तर ड्यूटीवरच्या माणसाला अंधारात चाचपडावं लागतं. त्याच्यावर ती वेळ येऊ न देणं, ही बदल करणाऱ्याची जबाबदारी आहे.