सुनावणी ही मेहेरबानी नव्हे



शेतकी कॉलेजात आम्ही माती तपासायला शिकलो. त्याच मातीवर सरकारची नोटीस आली तर ती कशी वाचायची, हे मात्र चळवळीत शिकावं लागलं.

वकील एक लॅटिन वचन म्हणतात, 'ऑडी आल्टरम पार्टेम'. ऐकूनच आपण दबतो. अर्थ साधा आहे : निकाल देण्याआधी दुसऱ्या बाजूचंही ऐका. 1723 साली इंग्लंडात खटला झाला. केंब्रिज विद्यापीठानं बेंटले नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचं न ऐकताच काढून घेतल्या होत्या. न्यायाधीश म्हणाले, देवानंसुद्धा आदमला शिक्षा देण्याआधी त्याची बाजू विचारली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरलं.

आता आपल्या जमिनीकडे या. भूसंपादनाचा कायदा 1894 चा. हरकतीचं कलम 5-अ त्यात 1923 च्या दुरुस्तीनं आलं. पुढेही 'तातडी'चं कलम 17 लावलं की सुनावणी टाळता येई. 2013 च्या कायद्यानं ही तातडी संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेनं मान्य केलेली आणीबाणी एवढ्यापुरती आवळली.

पण दुसरं एक वचन सांगतं : कायदा जाग्याला मदत करतो, झोपलेल्याला नाही. म्हणून नोटीस कोणत्या कायद्याखाली आली ते आधी पाहा. 2013 च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून हरकतीला 60 दिवस आहेत. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त 21. ऊस तोडून झाल्यावर बघू म्हणालात, तर मुदत गेलीच समजा.

हरकत लेखी द्या, प्रत्यक्ष सुनावणी मागा, शिक्क्याची पोच घ्या. 2013 च्या कायद्याखाली मोबदला कमी वाटला तर पैसे घेताना 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हक्क राखून घेतले, असं लिहूनच सही करा. मुकाट्यानं पैसे घेतले की वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. दोन शब्दांवर एवढं अवलंबून आहे.

पुढच्या बैठकीला गावात आलेली प्रत्येक नोटीस घेऊन या. तारीख आणि कलम आपण मिळून वाचू.