वाघ दिसला का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक सभेत केलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सभासद शाळेच्या चाळीस मुलांना घेऊन शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो होतो. ग्वाल्हेरहून साधारण 115 किलोमीटर. रात्री मुले घरी पोचली तेव्हा घरोघरी एकच प्रश्न झाला, "वाघ दिसला का?" नाही म्हटल्यावर, "मग गेलात कशाला?" आज त्याचेच उत्तर द्यायला उभे आहोत.

वाघ दिसला नाही. तिथला वाघ कधीच संपला होता. मार्च 2023 मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडला आणि 2025 साली हे जंगल व्याघ्र प्रकल्प झाले. हे सांगत असताना सातवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, आधी वाघ मारले कोणी?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. हे शिंदे सरकारांचे शिकारीचे जंगल. राखीव ठेवले म्हणून झाडे वाचली आणि शिकारीमुळे वाघ कमी झाले, दोन्ही खरे. आपल्या अभिमानाची गोष्ट सांगताना दुसरी बाजू गाळायची नाही, हे आम्ही त्या मुलाकडून शिकलो.

मग साख्य सागर. 1918 साली बांधलेला हा तलाव 2022 साली रामसर पाणथळांच्या यादीत गेला. काठावर मगर ऊन खात पडलेली पाहून बसमध्ये गोंधळ घालणारी चाळीस मुले एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने एका मुलीने पाण्यावरच्या हिरव्या थराकडे बोट दाखवले. ती जलपर्णी, इकडे आपण जलकुंभी म्हणतो. शहराचे सांडपाणी नाल्यांतून तलावात येते, त्यावर ती पोसते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. "मग सांडपाणी थांबवत का नाहीत?" आमच्यातले दोघे-तिघे सरकारी नोकरीत, तेही पाण्याच्याच कामात. फायलीत याची उत्तरे पुष्कळ असतात. त्या मुलीला देण्याजोगे एकही सुचले नाही.

परतताना तात्या टोपे यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग टोपे. पाडोनच्या जंगलात दगा होऊन पकडले गेले आणि 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत फाशी गेले. पुस्तकातले नाव मुलांना पाठ होते. पण ज्या मुलखातून आपली बस आली, तिथल्याच रानाने त्यांना आसरा दिला होता, हे कोणाला माहीत नव्हते. जंगल भूगोलात आणि तात्या इतिहासात, अशी वाटणी आपण मोठ्यांनीच केली आहे.

यंदा ही सहल होईल की नाही, याची शंका आहे. बरेच पालक संमतीपत्र द्यायला तयार नाहीत. जनावरांची भीती, परीक्षा, खर्च. कोणी म्हणतात, त्यापेक्षा वॉटर पार्कला न्या. भीती आम्हालाही असते. म्हणून दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस, वनरक्षक सांगेल तिथेच उतरायचे आणि पाण्यापासून लांब राहायचे, हे नियम ठरलेले आहेत. ज्यांना खर्च जड जातो त्यांनी संकोच न करता आम्हाला सांगावे. मंडळ वाटा उचलील. आणि आपल्यापैकी चार पालकांनी सोबत यावे.

एवढेच मागणे आहे. आणि मुले परत आली की वाघाचे विचारू नका. "आज तू काय विचारलेस?" असे विचारा. त्याचे उत्तर आपल्याला येत नसेल, तर मुलांबरोबर बसून शोधू.

गणपती बाप्पा मोरया!