समुद्रकासवांची नोंद

पावसच्या दक्षिणेस, पूर्णगडच्या खाडीपलीकडे, गावखडीच्या वाळूंत हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें अंडीं घालतात. गांवकरी तीं ममतेनें राखतात. परंतु ममतेला नोंदीची जोड हवी. २०२१ सालीं ओडिशांत एका मादीच्या पायास ०३२३३ या अंकाची पट्टी बसविली. तीच मादी २७ जानेवारी २०२५ रोजीं गुहागरास अंडीं घालतांना आढळली! दोन्ही किनाऱ्यांचीं कासवें निराळीं, ही समजूत तेथें डळमळली. म्हणजे ओडिशांत जाळ्यांत गुदमरणारी मादी कोंकणचीहि असूं शकेल. शिवाय वाळू फार तापली कीं बहुतेक पिलें माद्याच निपजतात. म्हणून प्रत्येक घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, वाळूची उष्णता लिहून ठेवावी. त्यावांचून कुंपण कोठें घालावें, सावली केव्हां धरावी, हें कळणार कसें?