घेणेकरी आणि बुडीत कंपनी

17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं आणि सेवा थांबली. जूनमध्ये स्टेट बँकेच्या अर्जावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. 2021 मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण ठरलेली रक्कम पुरती आली नाही. अखेर बँकांनीच कंपनी मोडीत काढा म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 7 नोव्हेंबर 2024 रोजी तसा आदेश झाला.

बँकांचं ठीक. पण माल पुरवणाऱ्या लहान उद्योजकाचं काय? 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार त्याने आधी मागणीची नोटीस द्यायची आणि 10 दिवस थांबायचं. मालाबद्दल आधीपासून खरा वाद असेल, तर त्याचा दिवाळखोरीचा अर्ज टिकत नाही. शिवाय थकबाकी किमान 1 कोटी हवी. मार्च 2020 पर्यंत ही मर्यादा 1 लाख होती. माझ्या मते ही उडी लहान पुरवठादाराला फार जड गेली.

कंपनी मोडीत निघाली, तर ती विकून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च भागतो. मग कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका एकाच पायरीवर येतात. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे पगार, विनातारण कर्जं, सरकारी देणी. पुरवठादाराची बिलं त्याहून खाली, भागधारकांच्या थोडीच वर. भविष्य निर्वाह निधी मात्र या वाटणीत धरत नाहीत, तो कामगारांचाच.