इतिवृत्तावरील सही
(खरवई येथील पालकांपुढे केलेले भाषण)



शाळा सरकारची आणि मुले तेवढी आमची, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. कायद्याने ती केव्हाच मोडली. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 21 पाहा. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष आणि शाळाविकासाचा आराखडा, ही तिची कामे होत.

मग आपली भगिनी त्या समितीत असून करते काय? पुष्कळदा, आधीच लिहून ठेवलेल्या इतिवृत्तावर सही! कारखान्यातील पाळी बुडवून तिला भर दुपारच्या सभेला येता येत नाही. म्हणून वहीच घरी येते. वकील या नात्याने मी निक्षून सांगतो, न वाचलेल्या ठरावावर सही करणे म्हणजे आपले मत दुसऱ्यास देऊन टाकणे होय. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचवून घ्या.

लोकसहभाग म्हणजे वर्गणी, असाही एक सोयीस्कर अर्थ रूढ झाला आहे. रयत शिक्षण संस्थेस गोरगरिबांनी मूठमूठ धान्य दिले, तो काळ निराळा. तेव्हा शिक्षण हा मूलभूत हक्क नव्हता; आज 6 ते 14 वर्षांच्या बालकांसाठी तो संविधानाच्या अनुच्छेद 21-क मध्ये आहे. बाके आणि छप्पर हे शासनाचे देणे आहे. ते आपण खिशातून फेडू लागलो, तर मागायचे कोणाकडे?

20 ऑगस्ट 2024 रोजी एका शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचारामुळे बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. तो संताप न्याय्यच होता. परंतु स्वच्छतागृहापाशी कोणाची नेमणूक आहे, हे दर महिन्याला विचारण्याची जागाही असावी लागते, आणि त्या प्रश्नाची नोंद वहीत व्हावी लागते.

उत्तर न मिळाल्यास कलम 32 आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणे त्यास बंधनकारक आहे. निर्णय अमान्य असल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीची दुसरी प्रत काढून तीवर पोच घ्यावयास मात्र विसरू नका. तारखेवाचून तीन महिने मोजता येत नाहीत.