आजोबांचे नाव कोणत्या कागदावर आहे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या घरातला एकही माणूस आखातात, आफ्रिकेत किंवा विलायतेत नाही, अशी घरे आपल्या समाजात थोडीच. तिकडची नातवंडे आता विचारू लागली आहेत : आजोबांचा जन्म गावातच झाला, असा जुन्या जनगणनेतून दाखला मिळेल काय? आज त्याविषयीच बोलायचे आहे.

परदेशात अशी सोय आहे, हे खरे. अमेरिकेत जनगणनेचे वैयक्तिक कागद ७२ वर्षे गुप्त ठेवून मग खुले करतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. त्यानंतरच्या गणनेतला उतारा ज्याचा त्याला मिळतो. तो हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडून जवळच्या वारसांना मागता येतो.

आयर्लंडची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. तेथे १९०९ साली सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झाले. पण सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची. म्हाताऱ्यांनी वय सिद्ध करावे कसे? ते अर्ज करीत, आणि डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत त्यांचे लहानपणचे नाव शोधले जाई. पुढे १९२२ च्या यादवीत तो दप्तरखाना जळाला आणि त्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे गेले. शिल्लक राहिले ते म्हाताऱ्यांचे अर्ज! त्यांवरची आईबापांची आणि गावांची नावे आज वंशजांच्या कामी येतात. आजी किंवा आजोबा तेथे जन्मलेले असतील तर परदेशातल्या नातवाला आयरिश नागरिकत्व मागता येते. मात्र पुरावा लागतो तो जन्मदाखल्याचा. दाखला कोठला आणि कोणत्या सालचा मागवायचा, एवढेच जनगणना सांगते.

आपल्याकडे पहिली देशव्यापी गणना १८७२ च्या सुमारास झाली. पण गावाची डोकी किती, हे आकडे छापले जातात; नावे नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे त्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणून कोणी पैसे घेऊन 'जुना उतारा काढून देतो' म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

याला एक मोठा अपवाद घडला. १९५१ च्या गणनेवरून नागरिकांची नोंदवही तयार झाली होती. आसामात २०१५ पासून लोकांना त्या वहीत किंवा २४ मार्च १९७१ पर्यंतच्या कागदांत पूर्वजाचे नाव शोधावे लागले. आणि नाव सापडले तरी त्या पूर्वजाशी आपले नाते दाखवणारा दुसरा कागद द्यावा लागला. शाळेचे तोंड न पाहता सासरी गेलेल्या स्त्रियांची येथेच अडचण झाली. बापाचे नाव वहीत असे, पण आपण त्याची मुलगी, हे सांगणारा कागद कोठून आणायचा? ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीत १९ लाख ६ हजार ६५७ अर्जदारांची नावे आली नाहीत.

तेव्हा शोध घ्यावा तो गावातच. तहसील कचेरीतला गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची वही. जुनी पाने बहुधा मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचे नाव, जन्मगाव, तारीख सारे असते. त्याचा उतारा मुख्याध्यापकांकडे मागावा. (तारीख १ जून निघाली तर नवल नको, गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच दिली आहे.) निकाहनामा आणि जमिनीचे फेरफारही काढा. आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच करा. नाते सांगणारी वडीलधारी माणसे अजून आहेत.

सवलत कोणती, हेही नीट समजून घ्यावे. परदेशी नागरिक असलेल्या पणतवंडापर्यंत 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. ते नागरिकत्व नव्हे, मतदानाचा हक्क त्यात नाही. आणि आखातात नोकरी करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे : ३ डिसेंबर २००४ पासून, परदेशात जन्मलेल्या मुलाला आईबापांवरून भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. मुदत टळली, तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.